पुढच्याने मागे वळायचं नाही

९ सप्टेंबर, शनिवार

पोचलो एकदाचे! तंबू उभा आहे. वाकडा, पण उभा.

दरवर्षी कामाची वाटणी ठरलेली — हे खुंट्या ठोकणार, मी कापड ताणणार. आज ह्यांच्या हातात हातोडी दिली, तर बघतच राहिले तिच्याकडे. "कुणाची ही?" तुमचीच, म्हटलं. "छान आहे," म्हणाले आणि मला परत दिली! मग खुंट्याही मीच ठोकल्या. त्यातला एक घाव अंगठ्यावर. अशी सणसणीत शिवी हासडली की शेजारच्या तंबूतली पोरगी धावत आली. नवं लग्न झालेलं दिसतंय. तासभर नवऱ्याशी काठ्यांवरून भांडत होती. "काकू, मदत करू?" म्हटलं, आधी तुमचा संसार उभा करा, मग माझ्याकडे या. हसली बिचारी. मग मीच जाऊन त्यांचा तंबू लावून दिला. मला वाकडं काही बघवत नाही. शिवणाचं दुकान चालवलंय जन्मभर.

आमचा तंबू माझ्याच हातचा. दुकानांच्या छपराला लावतात त्या जाड कापडाचा. शिवताना मशीनच्या सुया किती मोडल्या! हे पंपावरची पाळी संपवून यायचे आणि कापडाचं ओझं मांडीवर धरून बसायचे. तेव्हा लेक पाळण्यात होती.

आता तीच लेक मला शिकवते. इथे फोन फक्त तळ्याच्या धक्क्यावर लागतो. पोचल्याचं कळवायला गेले तर लगेच सुरू — "आई, वृद्धांच्या सेवाघरातल्या बाईंनी बाबांसाठी खाट राखून ठेवलीय. शुक्रवारपर्यंतच. हो की नाही तेवढं सांग." सांगते म्हटलं. "सांगते नको, ठरव."

ठरव म्हणे! बाजारात वांगी निवडायचीत जशी.

१० सप्टेंबर, रविवार

होडीवाला म्हातारा झालाय. मला बघून त्यालाही तेच वाटलं असणार. ह्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं त्याने, आणि काही विचारलं नाही. बरं वाटलं.

ही होडी दोघांची, एकामागे एक बसायची. मागचा दिशा देतो, पुढच्याने नुसतं वल्हवायचं. हे कायम मागे, मी पुढे. आणि ह्यांचा कायदा — "पुढच्याने मागे वळायचं नाही, टाचणी! होडी कलंडते." टाचणी म्हणजे मी. टोचते म्हणून. इतकी वर्षं तळ्यावर ह्यांचा नुसता आवाज ऐकलाय, तोंड कधी दिसलं नाही.

आज ह्यांना मागे कसं बसवणार? मग हे पुढे बसले, मागे होडीवाला. मी काठावर. आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

मला पाण्याची भीती वाटते. भयंकर! लग्न ठरण्याआधी ह्यांनी मला एकच विचारलं होतं — "पाण्याची भीती नाही ना वाटत?" मी तोऱ्यात म्हटलं, "छे!" त्या एका 'छे'पायी जन्मभर होडीत बसले. पण ह्यांना कळू दिलं नाही हो कधी. 'काय सुंदर', 'काय गार वारा' — सगळं दात आवळून म्हणायची.

परत आले ते काय खूश! "होडीवाले फार चांगले आहेत. ऐकून घेतात." आणि मग मला, अगदी आदराने — "तुम्हीही एकदा जाऊन या, बाई."

बाई.

११ सप्टेंबर, सोमवार

रानातल्या पायवाटेने गेलो. झाडांवर पिवळे पट्टे मारलेत, चुकायचं कारण नाही. बुटाची नाडी बांधायला वाकले, उठले, तर हे नाहीत! हाका मारून घसा बसला.

पुढच्या वळणावर दगडावर बसलेले. बूट काढून शेजारी नीट जोडून ठेवलेले. "थांबलोय," म्हणाले. "बायको येतेय मागून." अहो, मीच ती, म्हटलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, सभ्यपणे हसले आणि सरकून जागा करून दिली. "बसा. पण ती आली की उठावं लागेल हं."

बसले. काय करणार?

१२ सप्टेंबर, मंगळवार

दिवसभर पाऊस. तंबू एका जागी गळतोय. शिवणीतून नव्हे, भोकातून. माझी शिवण गळत नाही! दुपारभर हे त्या गळतीखाली हात धरून बसले. अंथरूण भिजेल म्हणाले. कुणाचं, ते सांगता येईना. माझंच होतं.

१३ सप्टेंबर, बुधवार

आजचं लिहू नये असं वाटतंय.

होडीवाल्याकडे गिऱ्हाइकांची रांग होती. हे हट्टाला पेटले, आत्ताच जायचं. शेवटी मीच मागे बसले. जन्मात पहिल्यांदा. होडीवाल्याने वल्हं कसं फिरवायचं ते दाखवलं, होडी ढकलून दिली. काठाकाठाने चाललो होतो. हे पुढून मजेत — "काय होडीवाले, पाऊस उघडला वाटतं!" मी आपली म्हणाले, "अहो, होडीवाला नाही. मी आहे, मी!"

वळले ना हे! अख्खे मागे वळले. होडी कलंडली, पाणी आत आलं. माझ्याकडे बघितलं, आणि मी कोण ते कळेना. "ती कुठेय? तुम्ही कोण? ती पाण्यात पडली का? अहो, तिला काढा कुणीतरी!" उठायलाच लागले. कसंबसं होडीला गवतात घुसवलं. काठावर आले आणि मी भडाभडा ओकले.

हे रडत होते. मी बुडाले म्हणून! मी जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, तर माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून माझ्याचसाठी रडत राहिले. सांत्वनाला मी चालते. बायको म्हणून चालत नाही. राग आला, फार राग आला. ह्यांचा नाही. कुणाचा ते कळत नाही, म्हणून जास्तच आला.

संध्याकाळी लेकीचा फोन. होडीचं सांगितलं नाही. तरी तिचं तेच — "मागच्या महिन्यात जिन्यात पडलीस. पुन्हा पडलीस तर? हाड मोडलं तर दोघांना कोण बघणार, आई? मला नोकरी सोडून येता येत नाही गं." रडतच होती तीही. बाबांनी ढकललं, असं ती म्हणते. घरात परकी बाई शिरली असं वाटलं ह्यांना त्या दिवशी. परक्या बाईला ढकललं. मला नाही. आता हे त्या पोरीला कसं समजावायचं?

पण पाय अजून दुखतो. रात्री हे दार उघडून बाहेर पडतात, म्हणून मी दाराला पाठ लावून झोपते. अशी किती दिवस झोपणार? ते मलाही कळतंय.

१४ सप्टेंबर, गुरुवार

पुन्हा गेलो! होय, मीच मागे. हे सकाळपासून धक्क्याकडे बोट दाखवत होते. कालचं ह्यांच्या लक्षात नाही. माझ्या होतं. पण एक ठरवून बसले — वाद घालायचा नाही. होडीवाला तर होडीवाला. तो नुसता 'हं' म्हणतो, मीही 'हं' म्हणेन. सर्दी झाली की दुकानात माझा आवाज पुरुषासारखा व्हायचाच.

हे वल्हवतात अजून तसंच. हातोडी विसरले, मला विसरले, हे नाही विसरले. आणि मागे वळले नाहीत. आपला कायदाही विसरले नाहीत!

मग बोलायला लागले. जसंच्या तसं उतरवते.

"माझ्या बायकोला पाण्याची भीती वाटते, होडीवाले."

माझं वल्हं थांबलं.

"फार भीती. तिला वाटतं मला ठाऊक नाही. पुढे बसली की मान अशी ताठ होते. वल्हं धरते ते कुणी हिसकावून नेणार असल्यासारखं. मला मागून दिसतं ना सगळं!"

हं, म्हटलं.

"म्हणून मी काठ सोडत नाही. मधे वारा असतो, असं सांगतो तिला."

मधे वारा असतो! दरवर्षी मी ह्या माणसाला चिडवलं. सगळी माणसं तळ्यामधल्या बेटावर जाऊन येतात, हे आपले काठाला चिकटून. चारचौघांत म्हणायची, आमचे हे म्हणजे भित्री भागूबाई. हे नुसते हसायचे. हसायचे मेले!

"मग आणता कशाला तिला?" विचारलंच मी, जाड आवाज काढून.

हे वल्हवतच राहिले. मला वाटलं, विसरले.

"एकदा म्हणायला हवी होती ती, नको म्हणून. लगेच थांबलो असतो. पण ती तयारी करायची हो, इतकी हौसेनं. तंबू शिवला तिनं! मग मी कसा मोडता घालू?"

म्हणजे मी ह्यांच्यासाठी यायची, आणि हे माझ्यासाठी आणायचे. वा रे आम्ही दोघं!

थोड्या वेळाने म्हणाले, "बेट बघायचं राहिलं तेवढं."

१५ सप्टेंबर, शुक्रवार

पहाटे वारा नव्हता. होडीवाल्याला म्हटलं, बेटावर जाते. तो म्हणाला, "ताई, सोबत दुसरी होडी घेऊन येतो. लांबूनच." ये म्हटलं. नाही म्हणायला मी काही शूर नव्हे.

काठ सुटला तेव्हा पोटरीपर्यंत गार पडले. खाली हिरवं, मग काळं, मग बघणंच सोडलं. ह्यांच्या पाठीकडे बघत राहिले. सदऱ्याची शिवण उजव्या खांद्यावर थोडी उसवलीय. घरी गेल्यावर दोन टाके घालायला हवेत. तेवढंच डोक्यात धरून अख्खं तळं पार केलं! हे एका लयीत पुढे वल्हवत होते, मी मागून त्यांच्या लयीत.

बेट म्हणजे काय — दगड, एक वाकडं झाड आणि पक्ष्यांची घाण. एवढ्यासाठी! हसूच आलं मला. पण हे पाण्याकडे तोंड करून दगडावर टेकले आणि असे शांत झाले की मला पुढे जावेना. मागेच बसले.

"होडीवाले."

हं.

"मला इथं सोडलंत तरी चालेल."

मी त्या उसवलेल्या शिवणीकडे बघितलं.

"तिला तेवढं घरी पोचवा. दमलीय हो फार. सांगणार नाही ती. टाचणी आहे एक नंबरची, मोडेल पण वाकणार नाही. पण दमलीय. तुम्ही न्याल ना तिला?"

तोंडात जाकिटाची कॉलर कोंबली आणि रडले. ह्यांनी वळून पाहिलं नाही. मग मी एकदा हं म्हणाले. म्हणायलाच हवं होतं.

धक्क्यावरून लेकीला फोन केला. हो सांग, म्हटलं. मग मीच फोन ठेवला.

१६ सप्टेंबर, शनिवार

तंबू शेजारच्या पोरीला देऊन टाकला, हातोडीसकट. भोकाला ठिगळ लावून दिलं. "काकू, पुढच्या वर्षी तुम्हाला लागेल ना?" म्हटलं, तुम्ही भांडा त्यात. भांडायला जागा पुरेल असा शिवलाय.

१८ सप्टेंबर, सोमवार

ह्यांना सेवाघरात सोडून आले. खोली चांगली, खिडकी मोठी, बाहेर बाग. सदऱ्याच्या खांद्याला टाके घातले होते, तोच घालून हे गेले. कामावरची मुलगी हात धरून आत घेऊन गेली. मी दारात उभी. वळतील असं वाटलं. वळले नाहीत.

घरी आले. दाराला पाठ लावायची गरज नव्हती. तरी तिथेच झोपले.

२४ सप्टेंबर, रविवार

आज पहिल्यांदा भेटायला सोडलं. हे खिडकीशी बसलेले. "नमस्कार, बाई," म्हणाले आणि पुन्हा बाहेर बघायला लागले. मग मी खुर्ची उचलली, ह्यांच्या पाठीमागे नेऊन ठेवली आणि बसले.

हे मागे न वळताच — "होडीवाले, ती पोचली का हो घरी?"

हं, म्हटलं.