क्रोशाचे उंदीर

प्रिय इरावती,

ताप उतरला असेल तर हे बसून वाच, नसेल तर उतरल्यावर वाच. पलीकडच्या दारातल्या मैत्रिणीला पत्र लिहायची वेळ आली, कारण तोंडानं बोलायला गेले तर सगळी चाळ गोळा होईल.

तू आजारी, म्हणून काल आपल्या क्रोशाच्या उंदरांची पिशवी घेऊन मीच माझगावला, त्या बेवारशी मांजरांच्या आश्रमात गेले. एरवी कधी जाऊ दिलंस? तुझा गुडघा, नलू, तो जिना, तो वास, म्हणायचीस! मला वाटायचं, किती जपते ही मला. तिथे मांजरांचं सगळं बघणारी दर्शना भारी गोड मुलगी. मला हात धरून आत नेलं आणि कोपऱ्यातला पिंजरा दाखवून कौतुकानं सांगू लागली, की ही म्हातारी दुसऱ्या कुणाची खेळणी घेत नाही, तुमचेच उंदीर पोटाशी धरून झोपते, इरावतीकाकू तिच्यासाठी दोन-चार आधीच बाजूला काढतात.

मनू होती गं! माझी मनू. मला बघून अशी ओरडली की दर्शनाच घाबरली.

गुडघा बदलून मी घरी आले, तेव्हा तूच रडवेलं तोंड करून म्हणालीस ना, दार उघडं राहिलं आणि मनू पळाली? काठी टेकत मी ठाकूरद्वारच्या गल्ल्या पालथ्या घातल्या, आणि तू सुक्या जवळ्याची वाटी घेऊन माझ्याबरोबर मनूला हाका मारत होतीस. कुणाला ऐकवत होतीस, बाई? मला अन्न गोड लागेना, तेव्हा तूच क्रोशाची सुई हातात दिलीस. बेवारशी मांजरांसाठी वीण, जीव रमेल, म्हणालीस. साखळीची शेपूट, दोन खांबांचे कान, सगळं शेजारी बसून विणलंस. आत भरायला कापूस आणू म्हटलं, तर कशाला, तुझी जुनी सुती पातळंच फाडू, म्हणालीस. मला वाटलं, काय काटकसरी बाई! आता कळलं. तिला माझा वास पोचवत होतीस, आणि मला सांगत होतीस की ती कुठल्यातरी गाडीखाली गेली असेल, आता विसर. केसानं गळा कापलास, इरावती.

वरदला बंगळूरला फोन लावला. त्यानं कबूल केलं. मांजर पायात येऊन आई पुन्हा पडेल, म्हणून त्यानंच तुला गळ घातली. तो लांब राहतो, त्याला माझी हाडं तेवढी दिसली. त्याला मी बघून घेईन. पण हे गेल्यापासून रात्री माझ्या उशाशी कोण झोपतं, हे तुला माहीत होतं. तू नाही म्हणू शकली असतीस. निदान मला रडताना बघून तरी तुझं तोंड उघडायला हवं होतं.

उद्या मनू घरी येतेय. लिहायला बसले ते एवढ्यासाठीच. सकाळचं दूध प्यायलं की कठड्यावरून तुझ्या दारात येऊन बसायची तिची खोड आहे, ती काही सुटायची नाही. तिला यातलं काही कळत नाही. माझ्या भीतीनं दार लावून घेऊ नकोस. आली तर आत घे, पाठीवरून हात फिरव. फक्त तिच्या मागोमाग मी येईन म्हणून चहाचं आधण दोघींचं ठेवू नकोस.

तुझी शेजारीण,
नलू