धरायला दिलेला फलक

१४ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर गेलं नाही, रागावू नकोस. रोज लिहायला बसायचो आणि 'आम्ही मजेत' या पहिल्याच वाक्याशी अडायचो, कारण ते खरं आहे का हे ठरेना. तुझे गुडघे काय म्हणतात?

तुझ्या भाचीच्या मनगटाचं प्लास्टर निघालं. पोलिस कोठडीत एक विद्यार्थी मेला, म्हणून कॉलेजची मुलं चौकात बसली होती. मी आपला लेकीला घरी आणायला गेलो. तिथे एका मुलीने "काका, एक मिनिट धरा हं," म्हणत हातात फलक दिला आणि ती पाणी प्यायला गेली. तेवढ्यात लाठीमार सुरू झाला. शहाणी माणसं पळाली. मी उभाच! दुसऱ्याची वस्तू टाकून जायचं कसं? (आपल्या घराण्यात उसनी छत्री परत करायला माणूस भर पावसात भिजत जातो.) एक पोलिस माझ्यापर्यंत आला, पांढरे केस बघून म्हणाला, "काका, या वयात?" मी म्हणालो, "माझा नाही हो, धरायला दिलाय." तो पुढे गेला. पुढे तुझी भाची होती.

आता फलक परत करणं आलं. 'मारणं थांबवा' असं लिहिलेला फलक घेऊन बसमध्ये बसलो, तर शेजारी कोणी बसेना. विचारत विचारत घर गाठलं, तर मुलगी परदेशी गेलेली. तिची आई म्हणाली, "तुम्हीच ठेवा भाऊ, मला तिचं अख्खं कपाट सांभाळायचंय." मग चहा, मग पुन्हा चहा, बाई उठूच देईना. त्या मुलांपैकी बहुतेक अशीच परदेशी गेली. निषेधाला आता आम्ही पालकच उभे राहतो. घोषणेच्या मध्येच कोणाला तरी खोकला येतो, कोणी तरी विचारतं, "तिकडे आत्ता किती वाजले असतील हो?"

आता तुझी भाची पण तिकडे परदेशी, तुझ्याकडे यायचं म्हणते. "बाबा, इथे बोललं की मार बसतो, आणि गप्प बसणं मला जमत नाही. तुम्हाला जमतं." शेवटचा टोमणा होता की कौतुक, यावर मी डायरीची दोन पानं खर्ची घातली. तोंडाने मात्र लगेच म्हणालो, "जा, खुशाल जा." फार उदार बाप दिसलो असेन. तिला नीट सांभाळ.

तुझा,
धाकटा

ता. क. फार नीट सांभाळू नकोस. हीटर बिघडलेली खोली दे. स्वयंपाक तू करतेस तसाच कर, म्हणजे ती लवकर परत येईल. ती गेली की या घरात मी एकटाच बोलणार, आणि मला माझं काही पटत नाही.

ता. क. २. वरचं मनावर घेऊ नकोस, खोली उबदार दे. आठवडाभर ती मोठी बॅग मागतेय आणि मी शिडी सापडत नाही म्हणून सांगतोय. शिडी दाराआडच आहे.

डायरीत, उद्याच्या पानावर: माळ्यावरची बॅग काढून देणे.