खडीतली अंडी

अण्णा, साखळीची कडी मी काढली तेव्हा तुम्ही तोंडावर पेपर घेऊन झोपला होता. कुत्रा लगेच उठला नाही. दोन आठवडे बांधलेला होता, त्याला खरं वाटलं नसावं. मी त्याला गुडघ्यानं पुढे ढकललं.

बांधकामाच्या खडीच्या ढिगाकडेला टिटवीनं चार अंडी घातली होती. खड्यांसारखीच, डागाळलेली. ती तुम्हालाच आधी दिसली. तुम्ही कुत्र्याला बांधलंत आणि वरच्या खोलीचं काम थांबवलंत. शाळेतून निवृत्त झाल्यावर वाघोलीत, शेतांच्या मधोमध तुम्ही हे घर बांधलं होतं. वरची खोली माझ्या लग्नासाठी होती आणि स्लॅब अजून पडायचा होता. आई म्हणाली, "अहो, त्या अशुभ पाखरासाठी पोराचं लग्न अडवणार का?" तुम्ही म्हणालात, "चार आठवडे थांबा. टिटवीची पिल्लं जन्मल्या दिवशी चालायला लागतात. बापाच्या घरावर खोली मागत नाहीत." मी जेवत होतो. वर पाहिलं नाही.

कुत्रा ढिगापर्यंत गेला. टिटवी ओरडत त्याच्या डोक्यावर झेपावली, पाठोपाठ दुसरी. तो कान पाडून मागे सरला आणि परत येऊन तुमच्या बाजेखाली बसला. तुमची झोप मोडली नाही. टिटव्यांच्या ओरडण्याची तोवर घरात सगळ्यांना सवय झाली होती. मग मीच गेलो. पाखरं माझ्याही डोक्याशी येतात, मी एका हातानं डोकं झाकतो आणि दुसऱ्यानं अंडी उचलून शर्टाच्या घोळात घेतो. ती गरम आहेत. कुंपणापलीकडच्या ओढ्यात टाकली. फारसा आवाज झाला नाही.

तुम्ही उठलात तेव्हा टिटव्या अजून ओरडतच होत्या, कुत्रा मोकळा होता आणि खडीत अंडी नव्हती. "कुणी सोडला याला?" मी म्हणालो, "कडी निसटली असेल." शेजारच्या शेतातले काका कुंपणाशी आले. त्यांच्या कोंबड्या होत्या. "मास्तर, अंड्याची चव लागलेलं कुत्रं परत सुधरत न्हाई. माझ्या कोंबड्या हायेत, तुम्हीच बघा काय ते." कुत्र्याला तुम्ही कधी मारलं नव्हतं, तेव्हाही मारलं नाहीत. खडकवासल्याच्या बाजूला तुमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं शेत होतं, तिथे कोंबड्या नव्हत्या. संध्याकाळी टेम्पो आला. तुम्ही फळीवर थाप मारलीत तसा कुत्रा आपणहून चढला. मागची कडी मी लावली. मला काही वाटलं नाही. आजही नेमकं काय वाटतं ते सांगता येत नाही.

खोली झाली. मुलीकडचे आले, चहा घेतला, माझ्या कंपनीबद्दल, अमेरिकेला कधी पाठवतात याबद्दल विचारलं. वर चढून कुणीही पाहिलं नाही. आता त्या जागी अकरा मजल्यांची इमारत आहे, तिच्या पार्किंगचा निम्मा भाग आपल्या अंगणावर येतो. तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. तुम्ही होता तेव्हा हे सांगायला रोज संध्याकाळ होती. हे कागद मी कुणाला दाखवणार नाही. हेही लिहून ठेवतो की मला त्या कुत्र्यापेक्षा खोली मागण्यावरच्या तुमच्या त्या एका वाक्याचा राग जास्त दिवस आठवत राहिला.

टेम्पो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही खडीच्या ढिगाशी बराच वेळ वाकून उभे होता. आत येऊन चहाची बशी हातात घेतलीत आणि म्हणालात, "टरफलं कुठेच नाहीत रे." मी म्हणालो, "कंपनीची बस येईल." बस यायला अजून अर्धा तास होता. मी निघालो.