खऱ्या सोन्याच्या पाच प्रती

३ मार्च
किळस आली. बाइंडिंगच्या धंद्यात केस पांढरे झाले आणि फॉइलचा रोल आज प्रथमच खिडकीत धरून नीट पाहिला. सोनं नावालाही नाही. प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर मेणाचा पातळ हात, मग पिवळा रंग, मग अ‍ॅल्युमिनियमची वाफ, शेवटी डिंक. तापलेला ब्लॉक वरून दाबला की मेण सुटतं, पिवळं कव्हरला चिकटतं आणि पट्टी पुढे सरकते. अक्षरं गेली त्या जागा पट्टीवर पारदर्शक राहतात. मग ती टोपलीत. या फसवणुकीला लोक ‘गोल्डन अक्षरं’ म्हणतात आणि मीही मान डोलावत आलो. शी.
लेकीचा थीसिस याच महिन्यात जमा व्हायचाय. पाच प्रती. त्यांवर खरं सोनं लागेल. बापाने शब्द दिलाय.

४ मार्च
जुने कारागीर कव्हरवर अंड्यातलं पांढरं लावायचे, वर सोन्याचा वर्ख ठेवायचे आणि तापवलेली पितळी अक्षरं हाताने दाबायचे. पुढे कुणा आळशाने वर्ख पट्टीवर चढवून रोल केला. त्याच्या पुढच्या आळशाने त्यातलं सोनंच काढून टाकलं. याला प्रगती म्हणतात.
हिला बेत सांगितला. म्हणाली, चाललंय ते बरं चाललंय, तुम्हाला नसती उठाठेव हवी कशाला. मागचं फॉइलचं मशीन हीच चालवते, तेव्हा दृष्टी तेवढीच असणार.

६ मार्च
वर्ख आला. श्वास लागला तरी उडतो. पहिलं पान पंख्याने नेलं. दुसरं गिऱ्हाइकासमोर माझ्या मिशीवर बसलं, निघेना. पंखा बंद. घामाने जीव नकोसा.
रात्री जेवायला बलकाचं ऑम्लेट. पांढरं मी वापरणार, पिवळं टाकायचं कसं, असं हिचं म्हणणं.

९ मार्च, संध्याकाळ
सरावाला शेजारच्या वकिलांच्या पुस्तकांची कव्हरं घेतली. ‘कायदा’तला ‘दा’ आलाच नाही. नुसतं ‘काय’. ओळ किंचित उतरती वाटते. पिवळ्या बल्बचा दोष.
ऑम्लेट.

१० मार्च, सकाळ
सगळी कव्हरं लखलखीत. ओळ सरळ. ‘दा’सुद्धा आलाय. म्हणजे सोन्याला मुरायला एक रात्र लागते. कुठल्या पुस्तकात हे लिहिलं नाही, मी शोधलं. हिला बोलावून दाखवलं तर तोंडावर हात धरून जांभई दिली. काल दुकान आवरता आवरता उशीर झाला म्हणे. दुकानात आवरायला आहे काय एवढं?

१३ मार्च
वाटीतलं पांढरं नासलं. घाण वास. वाटीत झुरळ, मिशा सोनेरी. मेहुणा आला तो नाकाला रुमाल लावूनच. म्हणाला, भावजी, इथे काही मेलंय का? कलेचा वास सगळ्यांना सोसत नाही.
बलक खाऊन खाऊन मला स्वतःचीच किळस यायला लागलीय. कुणाला सांगणार?

१६ मार्च
लेक दुकानात आली. म्हणाली, बाबा, मशीनवरच करू या का? वीस तारीख शेवटची. गाइड खडूस आहेत, अक्षरं वाचता आली नाहीत तर प्रती परत करतात, मग सहा महिने लटकायचं. मी म्हटलं, वकिलांची पुस्तकं बघ. तिने बघितली. मग हिच्याकडे बघितलं. मग म्हणाली, बरं, करा तुम्हीच.
पोरीचा विश्वास आहे. बापाला आणखी काय हवं?

१७ मार्च, संध्याकाळ
पाचही कव्हरं झाली. ‘गोड्या पाण्यातील शेवाळ’ असं नाव आहे. शेवाळ बरं आलंय. पाणी कमी आलंय. तिसऱ्या प्रतीवर नावापेक्षा माझा अंगठा ठळक. मुरेल.

१८ मार्च, सकाळ
मुरलं. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागच्या जागी. अंगठा गायब. डोळे भरून आले. ही झळाळी फॉइलला सात जन्मांत येणार नाही. जाणकाराला लांबूनही फरक कळतो.

२० मार्च
प्रती जमा झाल्या. गाइडने विचारलं म्हणे, अक्षरं कुणी केली? लेक म्हणाली, माझ्या बाबांनी, हाताने.
ठरलं. एक तारखेपासून मशीन बंद. विकून टाकू.

२१ मार्च
रद्दीचा गठ्ठा बांधायला सुतळी सापडेना. टोपलीतली फॉइलची पट्टी ओढली. ओढतोय ती संपेना. उजेडात धरली. ‘कायदा’. पुन्हा ‘कायदा’. पुढे ‘गोड्या पाण्यातील शेवाळ’. आधी एकदा तिरपं, चेपलेलं, नवख्या हाताचं. हिचा हात असा पडत नाही. मग तेच पाच वेळा, दर खेपेला जरा सुधारत गेलेलं. अक्षरांतून समोरची भिंत दिसत होती.
हिला विचारलं. मान वर न करता म्हणाली, पोरीचे सहा महिने घालवायचे होते का? मी टेम्परेचर लावून दिलं, दाबलं तिनेच. बाबांना सांगू नको म्हणाली. 
मी केलेली कव्हरं कुठे आहेत, असं विचारलं. म्हणाली, चार दिवस जेवताना गरम पातेल्याखाली काय असतं ते बघितलं नाहीत का?
बघितलं. ‘गोड्या पा’. आणि अंगठा.

२२ मार्च
वर्ख, वाटी, पितळी अक्षरं माळ्यावर टाकली. लेक म्हणाली, बाबा, मी गाइडना अगदीच खोटं सांगितलं नाही, हात तुमच्याच घरातला होता.
संध्याकाळी हिला विचारलं, मशीन मी चालवून बघू का? म्हणाली, आधी हात धुऊन या, अंड्याचा वास येतोय.