कुरडू की कोंबडा

माय, आज सकाळी माझ्या बागेत कोणी न लावलेलं एक रोप दिसलं. उपटायला हात गेला आणि तुझी आठवण आली.

अठ्ठावन्न-एकोणसाठ साल असेल. मी सातवीत होते. दिग्रसच्या आपल्या घरामागे जास्वंद, मोगरा, कण्हेर ही वर्षानुवर्षांची मंडळी, आणि त्या पावसाळ्यात कण्हेरीखाली पाच-सात अनोळखी रोपं आपोआप वर आली. तू दिवसभर कापसाची पऱ्हाटी निंदून आलेली. निंदणाऱ्या बाईला पऱ्हाटी सोडून सगळं तणच दिसतं. तू खुरपं घेऊन वाकतेस आणि मी आडवी येते.

"कुरडू हाय ते. वावरात रोज उपटून राह्यली मी, मले नको शिकवू."

"कुरडू नोहे, माय. कोंबडा हाय. लाल फूल येईन त्याले."

"तुले कसं समजलं?"

कुरडू कुठेही उगवतं. ही रोपं मात्र फक्त कण्हेरीच्या बुडाशी होती. निर्माल्य पायाखाली येऊ नये म्हणून दसऱ्याचे हार तू तिथेच टाकायचीस, आणि मागच्या हारात झेंडूसोबत कोंबड्याचे तुरे ओवलेले होते. पानांच्या शिराही लालसर होत्या. मी हे सगळं एका दमात सांगितलं. तुला काडीचंही पटलं नाही.

"गणपती उठेपर्यंत फूल नाई आलं, तं शाळा बंद. माह्यासंगं निंदाले चालायचं."

तुझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी फार घाबरले होते, माय. शाळेत जायच्या आधी आणि आल्यावर त्या रोपांपाशी बसायचे.

गौरी आल्या त्या सकाळी पहिला तुरा दिसला, लालभडक, मखमलीसारखा! मग दुसरा, तिसरा. मी अंगणात अक्षरशः नाचले. तू शेजारणींना हाका मारल्यास, "या वं, पाहा! माह्या पोरीनं नुसत्या पानावरून ओळखलं!" शाळेचा विषय त्या दिवशी मिटला तो मिटलाच. पुढे मी मास्तरीण झाले आणि चाळीस वर्षं पोरींना पानं-फुलं शिकवली.

हे पत्र वहीतच राहणार, म्हणून सांगून टाकते. त्यातलं एक रोप खरंच कुरडूचं होतं. आठवड्याभरात माझ्या ध्यानात आलं. तू वावरात गेल्यावर मी ते गुपचूप उपटलं आणि पानं पालेभाजीसारखी चिरून वरणात टाकली. संध्याकाळी ते वरण तू दोनदा मागून घेतलंस.