सही तेवढी राहिली

शनिवार, १४ मे २०११
तिसऱ्या झाडाला आखणीची गुलाबी फीत बांधत होतो तेव्हा कानामागून रक्त येत होतं. ब्लॅक फ्लाय, इथली चावरी माशी. खाणउद्योगात एवढं चालायचंच.

खाणकंपनीचा ग्लेन तोवर चाळीस झाडं बांधून पुढे गेला होता. त्याच्या मते आमच्या शंभर एकरांखाली ग्रॅफाइट आहे. कुंपणापलीकडे पार्कचं राखीव जंगल, तिथे कुणाला फावडं मारता येत नाही. आमची जमीन खाजगी आणि खरेदीखत जुनं, त्यामुळे खाली जे असेल तेही मालकाचं. कंपनीला लीज हवं आहे, पाच वर्षांचं.

चित्रा कॉटेजच्या पायरीवर बसून बघत होती. ग्लेनने तिला रस्त्याची आखणी दाखवली. रस्ता झऱ्यावरून जातो. तिने विचारलं, मग झऱ्याचं काय. तो म्हणाला, पाइपात घालू. ती कॅन घेऊन झऱ्यावर गेली. म्हणजे पटलं.

रविवार, १५ मे
केंब्रिजला घरी परत. लीजच्या मसुद्यात मालक म्हणून चित्राचं नाव. बरोबर आहे. १९८४ साली जमीन घेताना आईने नागपूरहून इथे कॅनडात पत्र पाठवलं होतं: तुझ्या पत्रिकेत जमीन नाही, तुझ्या नावावर घेतलीस तर बुडेल. माझा पत्रिकेवर विश्वास नाही. पण खबरदारी घेणं हा इंजिनिअरचा धर्मच आहे. बायकोच्या नावावर घेतली.

निर्णय मी घेतो, सही ती करते. सत्तावीस वर्षांत एकदाही अडलं नाही. सही लागलीही नव्हती, पण मुद्दा तो नाही.

शुक्रवार, २० मे
निश्चय: लीजबद्दल मराठी मंडळात कोणालाही बोलायचं नाही.

शनिवार, २१ मे
मंडळाच्या पॉटलक जेवणाला नंदूला सांगितलं. फक्त नंदूला. पुरणपोळीपर्यंत सगळ्यांना माहीत. नंदू म्हणाला, खाणमालक, प्लेट चालेल की घमेलं आणू? मत्सर. लक्ष दिलं नाही.

ग्वेल्फची प्रमोदिनी वकील आहे, तिने मात्र नीट चौकशी केली. जमीन कुणाच्या नावावर, वगैरे. मग चित्राला बाजूला घेऊन बराच वेळ बोलत होती. बहुधा पुरणाबद्दल.

मंगळवार, २४ मे
चित्रा मसुदा वाचते आहे. तीस पानं, हातात पेन्सिल. समासात खुणा करते. पेन्सिलीत ग्रॅफाइट असतं हे तिच्या लक्षात आणून दिलं. तिने टोक करून घेतलं.

व्हँकूवरजवळच्या कोक्विटलामहून जाईचा फोन. तिचं म्हणणं इंग्रजीत: डॅड, ती मॉमची जागा आहे. मी म्हणालो, फक्त कागदावर. ती ओके म्हणाली. समजूतदार मुलगी.

रविवार, २९ मे
चित्राची एकच अडचण दिसते: चहा. कॉटेजवर तिला झऱ्याचंच पाणी लागतं. येताना दोन कॅन भरून केंब्रिजलाही आणते. नळाच्या पाण्याचा चहा म्हणजे औषध, असं तिचं मत. अडचणीवर उपाय असतो. फिल्टर घेऊन देणार आहे. चांगल्यातला.

शुक्रवार, ३ जून
चित्राला ग्वेल्फला प्रमोदिनीच्या ऑफिसात सोडलं. दीड तास कारमध्ये बसून भूगर्भशास्त्राचं पहिलं प्रकरण वाचलं. पान चार. झोप चांगली लागली.

ती फाइल घेऊन बाहेर आली. गणपतीच्या कमिटीचं काम असणार. म्हटलं, गणपतीला अजून तीन महिने आहेत. म्हणाली, काही गोष्टी वेळेत केलेल्या बऱ्या. ही दूरदृष्टी तिला माझ्यामुळे आली.

मंगळवार, १४ जून
हेल्मेट मागवलं. पांढरं. साइटवर पांढरं मॅनेजमेंटचं असतं. मापाचा प्रश्न आला, मोठं मागवलं.

बुधवार, १५ जून
आइस हॉकीच्या फायनलची सातवी मॅच. व्हँकूवर जिंकणार, जाईला आधीच सांगून ठेवलं आहे.

दुसऱ्या पिरियडमध्ये चित्राने कागद पुढे ठेवले. पिवळी चिकटपट्टी लावलेली, इथे सही. कसले, विचारलं. म्हणाली, कॉटेजखालच्या हक्कांचे, मी सही केली आहे, नवऱ्याची संमती लागते. अखेर. वाचून घ्या, म्हणाली. दोनदा म्हणाली. प्रमोदिनीनेही दुपारी फोनवर तेच सांगितलं होतं: रविकांतदादा, नीट वाचा, हवं तर दुसऱ्या वकिलाला दाखवा. जन्मभर ड्रॉइंगं तपासली आहेत, मला वाचायला शिकवतात.

सही केली. तेवढ्यात गोल झाला. त्यांचा.

गुरुवार, १६ जून
व्हँकूवर हरलं. माझा अंदाज बरोबर होता, खेळाडू चुकले.

सोमवार, २० जून
ग्लेनचा फोन. सही केलेलं लीज मिळालं नाही म्हणतो. पोस्ट संपामुळे बंद आहे, हे याला मी सांगायचं. धीर धर म्हटलं. कागद झालेले आहेत.

शुक्रवार, ८ जुलै. कॉटेज.
ग्लेन आला. हातात करार नव्हता, कात्री होती. आल्या आल्या फिती कापायला लागला.

त्याच्या वकिलाने रजिस्ट्री पाहिली. जमिनीखालचे सगळे हक्क मिसेसनी जंगल राखणाऱ्या एका संस्थेला देऊन टाकले आहेत, कायमचे. आता तिथे कंपनी खणू शकत नाही, संस्था खणणार नाही, आम्हीही खणू शकत नाही. नवऱ्याची संमती जोडलेली आहे. त्याने प्रत दाखवली. सही माझीच. घाईची, पण माझीच.

चित्राने त्याला चहा दिला. पाण्याला छान चव आहे, म्हणाला. दुसरा कप घेतला.

तो गेल्यावर विचारलं, मला सांगायचं तरी. ती म्हणाली, अहो, कागद तुमच्या हातात दिले होते, वाचा म्हटलं होतं. थोड्या वेळाने म्हणाली, तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत. झऱ्याबद्दल ग्लेनला मीच विचारलं होतं.

आईच्या पत्राचा विषय तिने काढला नाही. मीही काढला नाही.

शनिवार, ९ जुलै
सकाळी सात. चित्राने ग्लेनच्या फितींनी टोमॅटोची रोपं बांधली. मी झऱ्यावर जाऊन दोन कॅन भरून आणले. डास होते म्हणून हेल्मेट घातलं होतं. सैल आहे.