बारीत अडणारी गाडी

॥ श्री ॥
मळा, देवळा
८ सप्टेंबर

चि. तेजस्विनीस,
आजीचे आशीर्वाद. वि. वि. फोनवर तू बोलतेस आणि मला नुसती शिट्टी ऐकू येते, म्हणून चौथीपर्यंतचं शिक्षण खर्ची घालून लिहिते. ओळी वाकड्या आल्या तर कागद तिरका धर.

आजोबांची मोटारसायकल तुला कबूल केली होती, ती बिघडली. घरून निघते झकास. डोंगरातल्या बारीच्या चढाला लागली की आचके देते आणि बंद पडते. तुझा भाऊ दीपक किका मारून दमतो, मी खाली उतरून सल्ले देते. ओवेस मिस्त्रीनं प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला. त्याच्या दारात ती नव्या सुनेसारखी वागते, बारीत गेली की माझ्यासारखी.

तुझा बाप म्हणतो, असली गाडी पोरीच्या हाती द्यायची नाही, पितृपक्ष सरला की भंगारात घालतो. मी सांगितलं, दिवाळीपासून तिला सेकंड शिफ्ट आहे, तेव्हा रात्री कारखान्यातून खोलीवर यायला जीप नसते. तर म्हणे, मग नोकरी सोडून येऊ दे घरी, स्थळं बघू.

मी मात्र रोग ओळखला आहे. दृष्ट लागली. एरवी असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, पण आपल्या वस्तूला लागली की बसतो. दर शनिवारी हळदकुंकू तेलात कालवून गाडीला लावते. ती जास्त अडायला लागली तशी मी कुंकवाची बोटं वाढवली. बारीत बंद पडली की रस्त्याची माती तिच्यावरून ओवाळून टाकते. तोवर दीपक टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघतो, आणि किक मारली की चालू. इलाज लागू पडतो, फक्त टिकत नाही. माझ्या गुडघ्याच्या डॉक्टरचंही तसंच आहे.

कळावे. माया आहेच, तिला किक मारावी लागत नाही.
तुझी आजी,
कुसाबाई


सिन्नर
१२ सप्टेंबर

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि. कागद तिरका धरला, तरी टोमणे सरळच लागले.

स्थळांचं वाचून ताट बाजूला सारलं आणि लिहायला बसले. शिफ्ट माझ्या हातात नाही. गाडी आली तरच नोकरी राहील, म्हणून एवढं मनावर घे.

बारीत तुम्ही एकाच वेळी दोन कामं करता. तू माती ओवाळतेस आणि दीपक झाकण उघडतो. मग गाडी नक्की कशानं चालू होते? पुढच्या वेळी झाकणाला हात न लावता नुसतं ओवाळ. चालू झाली तर तुझे पाय धरीन. नाही झाली तर ओवाळणं बंद, आणि दीपकनं फक्त झाकण उघडावं. तेव्हा कान लावून ऐका. आणि हळदकुंकू गाडीला नेमकं कुठं लावतेस, तेही लिही.

राग नसावा. असलाच तर मी येईपर्यंत टिकव.
तुझी तेजू


मळा, देवळा
१८ सप्टेंबर

चि. तेजूस,
आशीर्वाद. वि. वि. काल गुडघ्याचं निमित्त काढून निघालो. गाडी बारीत बंद पडली. दीपकला हात मागे घेऊन उभं केलं आणि मी ओवाळलं. काही नाही. वाटलं माती कमी पडली, म्हणून दोन मुठी घेतल्या. तेवढ्यात एक जीप थांबली. आतल्या बायांनी विचारलं, आजी, कुणाला काय झालं? मी म्हटलं, गाडीला. जीप निघून गेली तरी हसणं ऐकू येत होतं, आणि मला ऐकू येतं म्हणजे बघ. तरी मी तिसऱ्यांदा ओवाळलं. माघार घेणं मला कुणी शिकवलं नाही. पाचवीच्या पुस्तकात असेल.

मग दीपकनं झाकण उघडलं. विहिरीत बुडी मारलेलं पोर वर येऊन श्वास घेतं, तशी टाकी माझ्या कानाशी फुस्स झाली. पहिल्याच किकेला चालू.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कुंकू मी त्या झाकणावरच लावत होते. दिव्यावर ओघळतं, झाकणावर कसं सपाट बसतं, वर फूलही ठेवता येतं. ओवेसनं येऊन दाखवलं, झाकणाच्या चावीशेजारी बारीक भोक असतं. त्यातून हवा आत गेली तरच पेट्रोल खाली उतरतं. त्याच्या दारात टाकी उघडीच असायची, म्हणून तिथं दुखणं दिसलं नाही. भोक माझ्या भक्तीखाली गच्च बुजलं होतं. गाडी अडली की मी कुंकू वाढवायची, आणि कुंकू वाढलं की गाडी अडायची. दृष्ट लागली होती हे खरं, ती माझीच. ओवेस तोंड फिरवून हसला, माझ्या वयाचा मान राखला. दीपकनं राखला नाही.

गोधडीच्या सुईनं भोक मोकळं केलं. मग तुझ्या बापाला म्हटलं, बारी तूच चढवून बघ. गेला, आला, परत गेला. अंगणात गाडी लावून हातपाय धुतले, चहा पिऊन झाला, तेव्हा बोलला, "तिला म्हणावं, हेल्मेट घालत जा."

आपल्या घरात याला होकार म्हणतात.

घट बसले की ये आणि गाडी घेऊन जा. दसऱ्याला तिची पूजा तूच कर, मी लांबून फूल टाकीन. निघताना कुंकू लावीन ते तुझ्या कपाळाला. तिथं भोक नाही ना, हे आधी हात फिरवून बघून घेईन.

तुझी आजी,
कुसाबाई